आग्नेय कोपरा

९ फेब्रुवारी, रविवार

“रोज तीन वेळा ओट्यापुढे उभ्या राहणाऱ्या माझ्या बहिणींनो! तुमच्या ब्लाउजचं माप शिंपी घेतो. बांगडीचं माप कासार घेतो. ज्या ओट्यापुढे तुमचं अर्धं आयुष्य जातं, त्यासाठी तुमचं माप घ्यायला कधी कोणी आलं? गवंड्यानं तो आपल्या कमरेला धरून बांधला आणि तुम्ही जन्मभर खांदे उचलून पोळ्या लाटल्या. ही तक्रार तुम्ही आजवर कोणाकडे केली?”

महिला दिनाच्या भाषणाची सुरुवात मिळाली. मिळाली कुठे, तर अमरावतीतल्या साईनगरच्या आमच्या नव्या घरात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसल्या बसल्या. फरशी झाली आहे, रंग व्हायचा आहे, स्वयंपाकघर तेवढं बाकी आहे.

आणि त्या स्वयंपाकघरापायीच मी अस्वस्थ आहे. माझ्या बायकोला, सुभद्रेला, दोन ओव्हन हवे आहेत, तेही भिंतीत बसवलेले. अंजनगाव सुर्जीच्या जिल्हा परिषद शाळेत तिनं एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर आचलकडे अकोल्याला गेली होती, तिथे पोरीच्या लहानशा ओव्हनमध्ये ज्वारीची बिस्किटं करून पाहिली. तेव्हापासून वेड लागलं आहे. बिस्किटं, पाव, आता तर म्हणते बट्ट्याही करणार. एका ओव्हनमध्ये पाव, दुसऱ्यात बिस्किटं, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागत नाही.

तिला ‘नाही’ म्हणालो नाही. इथे खरं लिहितो. मला शरम वाटते. साधेपणावर मी तीस वर्षं बोललो. परतवाड्याहून, अंजनगावहून कार्यकर्ते येतात, चहा पितात, घर बघतात. भगवंतरावांच्या भिंतीत दोन ओव्हन! हे कोणत्या तोंडानं दाखवू?

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुतार आला होता. कुंदन, बडनेऱ्याचा. कानावर पेन्सिल, हातात टेप. मी पोचलो तेव्हा सुभद्रा त्याला दाखवत होती.

“हे पाहा कुंदन, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, दोनी बाजूबाजूनं. एकावर एक नको. अन् कमरेच्या वर नको.”

“हाव काकू. तुमचं माप लिवलं हाय मी.”

“कसलं माप?” मी विचारलं.

“काकूचा हात कुठवर जाते त्याचं, सर.”

मला हसू आलं. म्हणालो, “अरे, स्वयंपाकघर काय बाईच्या नावावर लिहून दिलं आहे? माझं माप घे. या घरात पुरुषही रांधणार.”

कुंदननं टेप मिटला. “सर, तुमी रांधसान?”

“का नाही?”

“त्याइले विचार,” सुभद्रा म्हणाली, “चहापत्तीचा डबा कोनत्या फळीवर असते.”

कुंदन भिंतीकडे तोंड करून हसला. मीही हसलो. पण मग खिडकीजवळचा तो कोपरा नीट पाहिला. सकाळचं ऊन कुठून येतं, दार कुठे आहे. आणि डोक्यात उजेड पडला. तो कोपरा आग्नेय आहे.

“सुभद्रा, वास्तू?”

“नाई हो. मले तिथं बरं पडते.”

‘बरं पडते.’ श्रद्धा अशाच शब्दांत बोलते. वास्तुशास्त्राविरुद्ध मी जिल्हाभर बोललो, वास्तूपायी बंद केलेली दारं लोकांनी माझं ऐकून पुन्हा उघडली, आणि माझ्याच घरात अग्नीला आग्नेय कोपरा! तिच्याशी वाद घातला नाही. कुंदनसमोर बरं दिसलं नसतं. पण आतून पार खजील झालो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुभद्रा अकोल्याला गेली. दर शुक्रवारी जाते आता. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरते, संध्याकाळी परत. लेकीची ओढ. आली की घरभर कसल्याशा मलमाचा वास येतो. प्रवासानं डोकं दुखत असेल.

स्वयंपाकघरांच्या रचनेवर एक चांगलं पुस्तक हाती लागलं. ओव्हन डोळ्यांच्या पातळीवर असावा, म्हणजे वाकावं लागत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. वाचलं आणि उठून बसलो. वाकणं! बाईला चुलीपुढे वाकवलं, देवापुढे वाकवलं, सासऱ्यापुढे वाकवलं. माझ्या घरात बाई वाकणार नाही. कोठीच्या बाजूच्या भिंतीत उंच कपाट, त्यात एकावर एक दोन ओव्हन, समोर लाकडी दारं.

कुंदनला फोन केला. तो म्हणाला, “काकूले एकडाव विचारून घ्या, सर.”

म्हणालो, “विचारलं आहे.” एका अर्थानं विचारलंच आहे.

२ मार्च, रविवार

कपाटाचा सांगाडा उभा राहिला. सुभद्रा त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती.

“झालं हे?”

“आता तुला वाकावं लागणार नाही.”

“हाव,” ती म्हणाली. “वाकनं तं नाईच होनार.”

वादाची तयारी करून गेलो होतो. तिनं वाद घातलाच नाही. पटलं असावं.

दोन बारीक गोष्टी. तिनं केस कापून घेतले, मानेपर्यंत. आचलनं कापून दिले म्हणे. एकतीस वर्षं वेणी घालून शाळेत गेलेली बाई! मला आवडलं, भाषणात घेण्यासारखं आहे. दुसरं, वरच्या फळीवरचा डबा आता मलाच काढायला सांगते. पूर्वी स्टुलावर चढून स्वतः काढायची. निवृत्ती माणसाला आळशी करते.

८ मार्च, शनिवार

सभागृह भरलं होतं. बाया मागे उभ्या होत्या. सुभद्रा तिसऱ्या रांगेत, शेजारी नव्या घरासमोरच्या रमावहिनी.

ओट्याच्या मापाची सुरुवात घेतली आणि पहिल्या दोन मिनिटांत सभा हातात आली. असं झालं की मला कळतं; आवाज आपोआप खाली येतो, आणि खाली आला की लोक पुढे झुकतात. मग अंधश्रद्धेकडे वळलो. हे ठरवलं नव्हतं. तोंडून गेलं.

“दुसऱ्यांच्या घरचं कशाला सांगू? माझ्याच घरी आमच्या सौभाग्यवतींनी ओव्हनसाठी आग्नेय कोपरा मागितला! मी म्हटलं, बाई, विजेचं मीटर माझ्या नावावर आहे, अग्निदेवाच्या नाही!”

छप्पर उडालं. किती वेळ हसत होते! मी पाण्याचा घोट घेईपर्यंत हसत होते.

सुभद्रेकडे पाहिलं. तीही हसत होती. डाव्या हातानं पदर सारखा करून परत हसली. मोठ्या मनाची बाई आहे.

घरी येताना रिक्षात म्हणाली, “मी वास्तूचं नाव काढलं होतं का?”

“सगळं नाव घेऊनच बोललं जातं असं नाही,” मी म्हणालो.

ती रस्त्याकडे पाहत राहिली.

ओव्हन घरात आले की लोक बोलणारच होते. आता बोलले तरी म्हणतील, भगवंतरावांनी स्वतःच आधी सांगितलं. हे इथे लिहिताना जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून जरा वाईटही वाटलं.

१९ मार्च, बुधवार

ओव्हन बसले. वरच्याची खिडकी बरोबर माझ्या नाकासमोर येते. मी त्यात पोहे गरम केले. कडक झाले, पण सिद्धांत सिद्ध झाला.

दारं लावली की बैठकीतून काहीसुद्धा दिसत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

नव्या घरातला पहिला सण. सुभद्रेनं ज्वारीची बिस्किटं लावली. घर गुळाच्या आणि तुपाच्या वासानं भरलं. रमावहिनी बसल्या होत्या, मी त्यांना सणांचा इतिहास सांगत होतो. आतून पत्र्याचा आवाज आला.

धावत गेलो. वरच्या ओव्हनचं दार उघडं, ट्रे जमिनीवर, बिस्किटं कोठीपर्यंत घरंगळलेली. सुभद्रा डावा हात नळाखाली धरून उभी. मनगटाच्या वर लाल पट्टा.

“निसटला,” ती म्हणाली.

“दोन्ही हातांनी धरायचा ना!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रमावहिनींनी मला हातानं बाजूला केलं आणि म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा हो, भाऊ.” बिस्किटं मीच वेचली. एवढं काम मी मनापासून केलं.

नव्या यंत्राला हात बसायला वेळ लागतोच.

५ एप्रिल, शनिवार

पाडव्यानंतर ओव्हनची दारं उघडली नाहीत. विचारलं तर म्हणते, मागणी नाही. आणि काल अकोल्याहून दोन मोठे डबे भरून बिस्किटं घेऊन आली. गाडीत, गर्दीत, डाव्या खांद्याला लटकवून. ती लोकांना वाटली. म्हणजे मागणी आहे. मग आपल्या घरचे दोन मोठे ओव्हन सोडून पोरीच्या खेळण्याएवढ्या ओव्हनमध्ये का भाजते? हट्ट. आग्नेय कोपरा मिळाला नाही म्हणून असहकार. एवढी शिकलेली बाई! तिची मला लाज वाटली, आणि वाटली म्हणून स्वतःचीही.

माझ्या भाषणातला तो मीटरचा तुकडा फोनवर फिरतो आहे. अचलपूरहून एकानं, वरूडहून एकानं मला परत पाठवला. भाजीबाजारात एका बाईनं सुभद्रेला विचारलं म्हणे, “काय मॅडम, अग्निदेव राजी झाले का?” मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? म्हणाली, “कोथिंबीर केवढ्याले देली, म्हनलं.”

११ एप्रिल, शुक्रवार, अकोला

आज जे झालं ते क्रमानं लिहितो. नाहीतर मी ते सजवीन.

महात्मा फुले जयंतीचं व्याख्यान संध्याकाळी सहाला. दुपारचं ऊन आग ओकत होतं. वाटलं, आचलकडे जठारपेठेत टेकावं, मायलेकींना आश्चर्याचा धक्का द्यावा. दार नुसतं लोटलेलं होतं.

सुभद्रा भिंतीकडे तोंड करून उभी होती. उजव्या हाताची दोन बोटं भिंतीवर होती. ती बोटं चालवत होती, मुंगी चढते तशी, एकेक पेर वर. छातीपाशी येऊन बोटं थांबली. तिच्या कपाळावर घाम होता. आचल शेजारी पेन्सिल घेऊन उभी.

“अजून थोडं, आई. मागच्या खेपेच्या वर.”

“नाई होत वो.”

“एक बोट. एकच बोट.”

बोटं एवढीशी सरकली. सुभद्रेच्या तोंडून आवाज निघाला, जनावराच्या तोंडून निघतो तसा. आचलनं भिंतीवर रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. खाली अशा आठ-नऊ रेघा होत्या. प्रत्येक शुक्रवारची एक. पहिली कमरेच्या थोडीच वर. आपण पोरांची उंची भिंतीवर लिहितो तसं माझी पोर तिच्या आईचा हात लिहीत होती.

मी दारातच बसलो. सुभद्रेनं पाहिलं, टॉवेल घेतला आणि मोरीत गेली.

“कधीपासून?” मी आचलला विचारलं.

“दिवाळीपासून. साखरेच्या पेशंटले होते असं. खांदा आखडते. इथल्या डॉक्टरकडे चालू हाय.”

“मला कोणी सांगितलं नाही!”

आचल बँकेत आहे, आईसाठी शुक्रवारी अर्धी रजा काढते. हळू बोलते, हिशोबात बोलते. तशीच बोलली. “बाबा, तुमाले सांगतलं असतं तं तिसऱ्या दिवशी कोन्या तरी सभेत असतं.”

मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

“दर्यापूर आठवते?”

आठवतं. बारा वर्षं झाली. सुभद्रेचं गर्भाशय काढलं होतं, ती दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. मी दर्यापूरच्या सभेत ते सांगितलं. बायांनी दुखणी लपवू नयेत म्हणून सांगितलं. त्या भाषणानंतर कितीतरी बाया तपासणीला गेल्या. मी आचलला हेच म्हणालो.

“गेल्या,” मोरीतून सुभद्रेचा आवाज आला. “चांगलं झालं. पन माह्या शाळेतल्या शिपायालेही माईत झालं. तो मले बसायले खुर्ची द्यायचा अन् पोटाकडं पाह्यचा.”

मग बाहेर आली. डाव्या हातानं पदर सारखा केला. इतके महिने हा डावा हात माझ्यासमोर होता. केस, फळीवरचा डबा, मलम, पडलेला ट्रे, सगळं याच वहीत माझ्या हातानं लिहिलेलं आहे.

“खिडकीजवळचा कोपरा...” मी म्हणालो.

“तिथं कमरेएवढं होते. ट्रे उचलावा लागत नाई, नुसता ओट्यावर ओढता येते. कुंदननं दोनदा माप घेतलं होतं.” मग म्हणाली, “हात वर जात नाई, पन कणीक मळता येते मले. तेवढं तरी माह्या घरी करू द्याचं होतं.”

मी रडलो. तिनं चहा ठेवला.

इथवर ठीक होतं. इथेच थांबायला हवं होतं.

सहा वाजता व्यासपीठावर उभा राहिलो. डोळे अजून जड होते. समोर हजारभर माणसं. विषय स्त्रीशिक्षण. बोलायला लागलो आणि मला वाटलं, आज खोटं बोलता येणार नाही. मी म्हणालो, “मित्रहो, आज मी तुमच्यापुढे गुन्हेगार म्हणून उभा आहे.” आणि सगळं सांगितलं. खांदा, साखर, भिंतीवरच्या रेघा, पडलेला ट्रे. ती जो आवाज करते तोसुद्धा सांगितला. आवाज आपोआप खाली आला. लोक पुढे झुकले. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या.

आणि मला बरं वाटलं. देवाशपथ, देव मानत नाही तरी, मला फार बरं वाटलं.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळच्या गाडीनं दोघं परत आलो. मूर्तिजापूर गेलं. मी म्हणालो, “काल मी सगळं कबूल केलं. जाहीरपणे.”

“पाह्यलं. आचलच्या शेजारणीनं फोनवर दाखवलं.”

“मग?”

“खांदा माहा होता,” ती म्हणाली. “अन् टाळ्या तुमाले.”

समोर बसलेल्या बाईनं आमच्याकडे पाहिलं. बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि तिच्या या वाक्याचं भाषणात कसं सोनं होईल हे माझं मन परस्पर ठरवत होतं. मी ते थांबवलं. थांबवलं म्हणजे दाबलं. ते पुन्हा वर आलं.

१४ एप्रिल, सोमवार

कालपासून माणसं येत आहेत. एकीनं तेल आणलं, एकीनं तावीज, एकानं परतवाड्याच्या वैद्याचा पत्ता. “मॅडम, हात वर करून दाखवा बरं.” ती दाखवते. छातीपर्यंत. लोक चुकचुकतात. दर वेळी तिला तो हात माझ्यामुळे उचलावा लागतो. आज पाचव्यांदा तिनं तो उचलला तेव्हा मी उठून मागच्या अंगणात गेलो. तिथे उभं राहून काय करायचं ते सुचलं नाही. वाळत घातलेले कपडे काढले. ओलेच होते.

१६ एप्रिल, बुधवार

मीच कुंदनला बोलावलं. म्हणालो, ओव्हन काढ, खिडकीजवळच्या कोपऱ्यात घे.

तो कपाटाकडे पाहत राहिला. मग खिशातून टेप काढला आणि अगदी गंभीर तोंडानं विचारलं, “सर, आता माप कोनाचं घेऊ?”

मी मान खाली घातली.

“नाई, विचारून घेतो. मांगच्या बारी तुमचं घेतलं, कपाट फुकट गेलं.”

“काकूंचं,” मी म्हणालो.

“थे हाय माह्याजवळ. फेब्रुवारीपासून हाय.” वहीचं एक पान काढून दाखवलं. पेन्सिलीनं लिहिलेले चार आकडे. त्याखाली बाण काढून: काकूचा उजवा हात इथवरच. उंच नको.

“तू मला का नाही सांगितलंस?”

“सांगतलं ना. तुमी म्हनले, विचारलं आहे.” मग थोडा वरमला. “काकूनं सांगतलं होतं, दुखते म्हनून सरले बोलू नको. मी कायले बोलू? पन एकडाव विचारा म्हनलं होतं.”

सुभद्रा आली. दोघं ओट्यापाशी उभी राहून बोलू लागली. पाव आधी काढायचा तर तो ओव्हन डावीकडे हवा. गरम ट्रे टेकवायला मधे वीतभर जागा. मागून वाफ जायला फट. मी दारात होतो. दोनदा काहीतरी सुचवायला तोंड उघडलं. दुसऱ्यांदा कुंदननं नुसतं वळून पाहिलं.

आता ते लिहितो, जे तिलाही सांगितलेलं नाही. वास्तूचा राग खरा होता. वाकण्याचा सिद्धांतही पुस्तकात होता. पण कोठीची भिंत मी निवडली ती ओव्हन लपवायला. खिडकीजवळचा कोपरा बैठकीतून सरळ दिसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला चैन दिसू नये, म्हणून मी माझ्या बायकोला हात नाकापर्यंत न्यायला लावला. मग त्या भित्रेपणाला तिच्या मुक्तीचं नाव दिलं. विचारांसाठी मी लाठ्या खाल्ल्या आहेत, त्या खोट्या नाहीत. पण दोन पत्र्याच्या पेट्यांपुढे मी टिकलो नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

ती अकोल्याला गेली. बरोबर येऊ का, असं विचारलं. म्हणाली, “नको. तिथं मले ओरडता येते.”

१९ एप्रिल, शनिवार

कोठीच्या दारासाठी खिळा विचारताना सहज बोलल्यासारखं तिला भिंतीचं खरं कारण सांगितलं. म्हणजे लपवण्याचं. तिनं ऐकून घेतलं.

“माईत होतं,” ती म्हणाली. “दारं लावली तवाच समजलं. ओव्हनले कोनी दारं लावते का?”

एवढंच. एकतीस वर्षं तिनं चौथीच्या पोरांच्या थापा ओळखल्या आहेत.

२३ एप्रिल, बुधवार

काल संध्याकाळी ओव्हन कोपऱ्यात बसले. कमरेच्या उंचीला, शेजारी शेजारी. आज सकाळी तिनं पाव लावला. बैठकीत चौघं कार्यकर्ते बसले होते, त्यांना सगळं सरळ दिसत होतं. एकजण म्हणाला, “वा सर, शेवटी आग्नेय कोपराच का?” आणि बाकीचे हसले. माझ्याच विनोदावर माझ्याच घरात.

सुभद्रेनं ट्रे बाहेर ओढला. ओट्यावर सरकला, टेकला. तिनं पावावर कापड टाकलं आणि तिथूनच म्हणाली, “अहो, हे असं किती दिस चालनार?”

पाहुणे गेल्यावर म्हणाली, “ते दोन्ही व्हिडिओ लोकाइच्या फोनमंधून जायले पायजे. पह्यला बी अन् दुसरा बी.”

“मी परवाच्या सभेत...”

“सभेत नाई!” इतक्या मोठ्यानं ती शाळेतही बोलली नसेल. “लिहून पाठवा. मी पाह्यते.”

लिहिलं. सव्वा पान झालं. माझ्या मते आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक पान. ती चष्मा लावून ओट्यापाशीच बसली, हातात लाल पेन. डाव्या हातानं रेघा वाकड्या येतात, तरी हात थांबत नव्हता.

“‘अंतर्मुख होऊन’ कायले?” खोडलं.

“‘माझ्यातला पुरुष’? तुमच्यात दुसरं कोन होतं?” खोडलं.

“‘तिच्या वेदनेनं मला शिकवलं.’ मी नाई शिकवलं. सुट्टीवर हाय मी.” खोडलं.

“खांदा काढा. साखर काढा. रेघा काढा.”

“मग कारण काय उरतं, सुभद्रा? लोकांना कळणार कसं?”

“त्याइले कळाचं काय काम हाय?”

तिनं पान परत दिलं. मी उरलेलं स्वच्छ उतरवलं. व्याख्यानमालेच्या गटात पाठवलं, अकोल्याच्या संयोजकांना पाठवलं, ज्यांनी ज्यांनी मला ते तुकडे परत पाठवले होते त्या प्रत्येकाला पाठवलं. त्यात एकही वाक्य टाळी घेणारं नाही. ते असं:

“आठ मार्चला अमरावतीत मी सांगितलं की सुभद्रेनं वास्तूसाठी आग्नेय कोपरा मागितला. ते खोटं होतं. तिनं वास्तूचं नाव काढलं नव्हतं आणि मी तिला कारण विचारलं नव्हतं. अकरा एप्रिलला अकोल्यात मी तिच्याबद्दल जे बोललो, ते बोलायचा मला हक्क नव्हता. उत्तर पाठवू नका, घरी भेटायला येऊ नका. या दोन्ही भाषणांचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असतील, तर हे वाचून झाल्याबरोबर ते पुसून टाका.”